मोगऱ्याला कळी नाही

३० डिसेंबर, सोमवार. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या.

पाटील सरांच्या शेतावर जाऊन आलो. निवृत्तीपर्यंत शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या, त्यामुळे बोलावणं चुकत नाही. आंबील, भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे. पोट फुगेस्तोवर जेवलो. वाढताना वहिनी म्हणाल्या, "बाई आल्या न्हाईत आजून?" म्हटलं, नातू लहान आहे. हे उत्तर आता मला तोंडपाठ झालंय.

सौ. फेब्रुवारीत बेंगळुरूला गेली, सुनेच्या बाळंतपणाला. दोन महिन्यांसाठी. आता पुढचा फेब्रुवारी दिसायला लागलाय.

आंबील तिच्या हातची नव्हती, एवढंच. बाकी सगळं ठीक.

५ जाने.

सकाळी मोगऱ्याला लिंबोळी अर्क फवारला. दोन पानांवर अळी होती, काढून टाकली. शेणखत घातलं. पाणी रोज, न चुकता. वेल न्हाणीच्या भिंतीवर चढून पलीकडे डोकावतोय, पानं अशी तुकतुकीत की बघत राहावं.

जाताना सौ.ने घरातलं काही सांगितलं नाही. गॅस, किल्ल्या, दूधवाला, काहीच नाही. बसमध्ये चढता चढता फक्त म्हणाली, "माझा मोगरा तेवढा जपा." तिच्या पूजेला याच वेलाची फुलं. तळहातावर इष्टलिंग घेऊन बसली की आधी फुलाचा वास घ्यायची आणि मग वाहायची. मी एकदा म्हटलं होतं, वास घेतलेलं फूल देवाला चालतं का. म्हणाली, त्याला काही अडचण न्हाई, तुमाला हाय का?

गेल्या उन्हाळ्यात वेलाला जेमतेम ओंजळभर फुलं आली. माझंच लक्ष कमी पडलं असणार. यंदा कसर ठेवायची नाही.

१२ जाने., रवि.

संध्याकाळी फोन. रोजचा असतो, तिकडं कुकर लावून झाला की. मागे टीव्ही, पोराचं ओरडणं, सुनेची मीटिंग. सगळ्यांवर आवाज चढवून ती विचारते, "जेवलाव का?" संध्याकाळी सातला कोण जेवतं? पण मी म्हणतो, "झालं." तिला बरं वाटतं. मग "गोळी घेतलाव का?" "घेतली." मग चिन्नूला फोनसमोर धरते. तो फोन चाटतो. मग ठेवते.

आज मध्येच मुलाने, महेशने, फोन घेतला. "अप्पा, एक विचारायचं व्हतं." पाळणाघरात पोरगं सारखं आजारी पडतं, दीपाची नोकरी नवी आहे. "आई आजून दोन वरसं इथं राहिली तर चालंल का? चिन्नू शाळंत जाईपतूर."

मी म्हणालो, "चालेल की. त्यात काय."

दोन वर्षं. काही मास्तर शाळेत पोरांना दोन मिनिटं बाकावर उभं करतानासुद्धा विचार करतात.

१५ जाने.

संक्रांत गेली. तिळगूळ चांदबीने आणून दिला. उलटंच झालं. दरवर्षी सौ. तिच्याकडे पाठवायची. चांदबी म्हणजे भिंतीपलीकडची, विधवा बाई, तीन शेळ्या आणि एक शिलाई मशीन. म्हणाली, "मास्तर, घर में मीठा कौन बनाता जी तुमारे? लो, खाओ."

खाल्ला. कडक होता. दात सांभाळून.

२२ जाने.

"चालेल की" म्हणालो, त्याबद्दल काल दिवसभर स्वतःशी वाद घातला. चालणार नाही असं म्हटलं असतं तर काय झालं असतं? महेशची अडचण खरी आहे. पोरगं खरं आहे. दीपा चांगली मुलगी आहे, सासूला आई-आई करत नाही पण चहा हातात देते. मग मी कुठल्या तोंडाने सांगू, की मला घरात चपला दोनच दिसतात आणि दोन्ही माझ्याच?

मला तिची आठवण येते. घ्या, लिहिलं. वहीला काय, ती कुणाला सांगत नाही.

३ फेब्रु.

वेल अजून हिरवाच. फुटवे भरपूर, कळी एक नाही. तशी अजून वेळ नाही म्हणा. मार्चपासून लागतात. पण तिच्या वेळी या दिवसांत वेल इतका गुबगुबीत नसायचा, हे आज आठवलं. उघडाबोडका, काटक्या नुसत्या. हिवाळ्यात ती पाणीसुद्धा घालायची नाही. मला वाटायचं विसरते.

तेव्हा माझी शाळा सकाळची, घरी येईपर्यंत दुपार. माझ्या घरात माझ्या गैरहजेरीत काय काय चालायचं, कोण जाणे.

११ फेब्रु.

वैशालीचा फोन. माझी जुनी विद्यार्थिनी, दहावीला पहिल्या बाकावर, प्रश्न विचारून जीव नकोसा करणारी. आता कलबुर्गीला संशोधन केंद्रात आहे. वनस्पतींच्या रसायनांवर काम. "सर, कसे हाव? या की एकदा बघायला. दरवेळी येतो येतो म्हणताव."

डोळे तपासायला तसंही कलबुर्गीला जायचंच आहे. म्हटलं येतो.

सौ.ला सांगितलं. म्हणाली, "जावा की. तेवढंच चार लोकं भेटतील." मग जरा थांबून, "स्वेटर न्या." फेब्रुवारीत स्वेटर. कलबुर्गीला.

१८ फेब्रु., मंगळ.

कलबुर्गी. हुमनाबादला बस बदलून. डोळ्यांत औषध घातल्यामुळे सकाळभर सगळं धुरकट. दुपारी वैशालीकडे.

काचेच्या खोलीत ट्रे मांडलेले. मोहरीच्या कुळातलं एक इवलंसं रोप, वीतभर. जगभरचे लोक म्हणे यावरच प्रयोग करतात, कारण ते लवकर वाढतं आणि तक्रार करत नाही. दोन ट्रे शेजारी शेजारी. एकातली रोपं शहाणी. दुसऱ्यातली एक रसायन करू शकत नाहीत, जन्मतःच.

"हे रसायन कधी करतं झाड?" मी विचारलं. सवय जात नाही.

"अळीनं चावलं की, सर. पान फाटलं की. मग अळीला पचणार न्हाई असं काहीतरी झाड करायला लागतं. हे रसायन म्हंजे त्याची हाक समजा."

नाव जॅस्मोनेट. चमेलीच्या तेलात आधी सापडलं म्हणून चमेलीचंच नाव. म्हटलं, वा, म्हणजे आमच्या मोगऱ्याच्या घरातलंच.

दुसऱ्या ट्रेची दशा वाईट. बारीक माशीच्या अळ्यांनी कुरतडलेला. हे अपेक्षितच, संरक्षण नाही तर खाणारच. पण मग तिने मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. औषधाचा अंमल उतरला होता. दहावीच्या पोरांना आयुष्यभर "एक डोळा मिटू नका रे" सांगितलं आणि स्वतः मिटूनच बघितलं.

पहिल्या ट्रेमधलं फूल: पाकळ्या उमललेल्या, पुंकेसर उंच, परागकोश फाटून पिवळी पूड बाहेर. दुसऱ्यातलं: पाकळ्या अर्धवट, पुंकेसर आखूड, परागकोश बंद. पराग आत आहेत, पण दार उघडत नाही. शेंग धरत नाही.

मी म्हटलं, "अळीचा आणि याचा काय संबंध?"

"तेच तर, सर." ती हसली. शाळेत मी असाच हसायचो, पोरगं बरोबर ठिकाणी अडलं की. "चावल्यावर जे रसायन लागतं, तेच फूल उमलायला लागतं. तेच परागकोश उघडायला. झाडानं दोन कामाला दोन वस्तू ठिवल्या न्हाईत."

एका रोपावर तिने ते रसायन बाहेरून फवारलं होतं. त्याला शेंगा होत्या. सगळ्या फुलांना नाही, मधल्या काही. "एका ठरावीक वयाची कळीच ऐकती, सर. लई लहान असली तर कळत न्हाई, मोठी झाली की उपेग न्हाई."

मोगऱ्याचं विचारलं. वेल धष्टपुष्ट, कळी नाही. ती म्हणाली, मोगऱ्यावर मी काम केलं नाही, खात्रीनं काही सांगणार नाही. मग, "फवारायलाव का काही?" म्हटलं, एक अळी टिकू दिली नाही. पाणी रोज. तिने ट्रे जागेवर सरकवला. चहा मागवला.

१९ फेब्रु.

बसमध्ये सगळा रस्ता तेच डोक्यात. मी तीसेक वर्षं शिकवलं: काटे, चीक, कडू पानं, हा एक धडा. फूल, पराग, बीज, हा दुसरा. मध्ये सहामाही परीक्षा. एका धड्यातलं दुसऱ्यात यायचं कारणच नव्हतं. पोरं सुद्धा विचारायची नाहीत. वैशालीसुद्धा नाही.

आणि झाडात ते एकच. दुखल्यावर जे तयार होतं, त्यानेच उघडतं.

हे सौ.ला सांगायचं होतं. फोन आला तेव्हा चिन्नूला जुलाब. "नंतर बोलू," म्हणाली. नंतर कधी असतं?

२६ फेब्रु. शिवरात्र.

उपवास. देवळात जाऊन आलो. पूजेला फुलांची पुडी विकत आणली. ओल्या फडक्यात ठेवलेली, हैदराबादकडून आलेली असावी. वासाला मेल्यासारखी. आमच्या अंगणात भिंतभर मोगरा आणि मी पुडी विकत घेतो. फुलवालीने कन्नडमध्ये विचारलं, अक्का कुठे, किती दिवस दिसल्या नाहीत. तिला सुद्धा तेच पाठ केलेलं उत्तर दिलं, कन्नडमध्ये.

तिच्या जागेवर बसून पूजा केली. फुलाचा वास घेऊन मग वाहिलं. का घेतला, माहीत नाही. देवाने काही म्हटलं नाही.

७ मार्च, शुक्र.

सत्यानाश.

बाजारात गेलो होतो, फाटकाची कडी लावायची राहिली. परत येतो तर चांदबीची शेळी अंगणात, मागचे पाय बादलीवर, पुढचे भिंतीवर, तोंडात मोगऱ्याचा शेवटचा फुटवा. वेलाला पान शिल्लक नाही. नुसता दोर. जिथपर्यंत तिची मान पोचली तिथपर्यंत सगळं साफ, आणि तिची मान लांब आहे.

ओरडलो. शेळीने माझ्याकडे बघितलं आणि चावत राहिली. चांदबी धावत आली. "या अल्ला! पूरा साफ कर दी क्या? दरवाजा खुल्ला कायकू रखे जी मास्तर?" म्हणजे चूक माझी.

वर्षभर एक अळी टिकू दिली नव्हती.

संध्याकाळी फोन आला. जेवलाव का म्हणायच्या आत सांगितलं: शेळीनं तुझा मोगरा खाल्ला. सगळा. झाड गेलं. माझा आवाज फाटला असावा. आणि ती हसली. खो-खो हसली. मागे दीपा विचारतेय काय झालं, आणि ही हसतेय.

मी म्हटलं, "तुला हसू येणारच. तुला तिथं काय फरक पडतो."

हसणं थांबलं. मग ठेवला. मी ठेवला का तिने, आठवत नाही.

८ मार्च

वेलाला पाणी घातलं नाही. कशाला.

१० मार्च

फोन नाही. मीही केला नाही.

चांदबीने भिंतीवरून डोकं काढलं. "गुस्से में हैं क्या, मास्तर?" नाही म्हटलं. "बाई तो हर साल बुलातेच थे ना मेरी बकरी कू. संक्रांत के बाद. पूरी बेल खिलाते थे. अब्बी बकरी को मालूम है, इसलिए आई."

म्हणजे सौ. दरवर्षी शेळीला बोलवून स्वतःचा मोगरा चारायची. मी फळ्यावर फुलाचे भाग काढत असताना. या घरात मी कोण आहे, भाडेकरू?

१२ मार्च

फोन नाही. संध्याकाळी सातला मोबाईल समोर ठेवून बसलो, मग उठून फिरून आलो, मग परत बसलो. स्वतःचंच हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. वाळत घातलेले कपडे काढायला गेलो तर दोरीवर सगळे शर्टच. हे काही नवीन नाही, वर्षभर तेच आहेत. पण आज तिथेच उभा राहिलो.

ती असती तर आत्ता म्हणाली असती, काय खांबावानी उभारलाव.

१३ मार्च

आला फोन. सकाळी, नेहमीच्या वेळेला नाही. घरात कुणी नव्हतं बहुतेक, मागे आवाज नव्हता. बाल्कनीत असावी.

"आवं, आईका. चांदबीची शेळी संक्रांतीनंतर गाभण असायची. तिला वला पाला लागायचा, आन तिच्यापशी रान न्हाई. म्हनून चारायची. मला काय म्हाईत त्यानं फुलं येत्यात का न्हाई."

"मग पाणी का घालायची नाहीस?"

"त्या दिवसांत न्हाणीत पाणीच कुठं असतंय आपल्या? विसरलाव व्हय?"

खरं आहे. नळ त्या दिवसांत आठवड्याने येतो. तिच्या काळात दोघांचं पुरवावं लागायचं. आता माझं एकट्याचं, म्हणून वेलाला रोज मिळालं. एवढाच सगळा उलगडा. मी याच्यावर वर्षभर प्रबंध लिहिला असता.

मग ती म्हणाली, "रागावलाव व्हय?"

"नाही."

"रागावत जावा की. त्या दिशी पैल्यांदा आवाज आला तुमचा. न्हाईतर रोज आपलं झालं, घेतली, चालंल, बरं हाय. मी काय समजू त्याच्यातनं? मला वाटलं तुमचं झ्याक चाललंय माझ्याबिगर."

सांगायचं होतं सगळं. चपला, दोरी, आंबील, सगळं.

म्हणालो, "बरं."

बरं. आणि फोन ठेवला. असा माणूस शिक्षक कसा झाला.

१५ मार्च

तिला वाटलं माझं झ्याक चाललंय. का नाही वाटणार? मीच तसं दाखवलं. तिला त्रास नको म्हणून. महेशला त्रास नको म्हणून. म्हणजे सरळ सांगायचं तर, मला कुणी नाही म्हणू नये म्हणून.

वेलाला पाणी घातलं. चांदबी भिंतीवरून म्हणाली, "अब डालो पानी, हौ, अब डालो." तिची परवानगी मिळाली.

२४ मार्च

दोरावर डोळे फुटलेत. लालसर हिरवे टोक, प्रत्येक पेरावर जोडीने. भिंग काढून बघितलं.

३० मार्च. पाडवा. इकडे युगादी.

कडुलिंब-गूळ एकट्याने खाल्ला. महेशने पुरणपोळीचा फोटो पाठवला, ताटात. चिन्नू आता "अज्जा" म्हणतो. पंख्याकडे बघूनही अज्जाच म्हणतो, पण म्हणतो.

पोळीच्या कडेला तिचा हात आलाय फोटोत. मनगट आणि बांगड्या. तेवढाच भाग मोठा करून बघितला, मग मोबाईल बंद केला. या वयात हे बरं नव्हे.

नव्या फुटव्यांच्या टोकाला कळ्या. खोटं वाटेल, पण आहेत.

२ एप्रिल

वैशालीला फोटो पाठवून सविस्तर लिहिलं. शेळीने खाल्लं, म्हणजे पानं फाटली, म्हणजे ते रसायन झालं, म्हणजे कळ्या. सिद्ध.

तिचा निरोप: "सर, तुमीच शिकवलं हाय, एका निरीक्षणावरनं निष्कर्ष काढायचा न्हाई. पाणी तोडलं, छाटणी झाली, नवी फूट आली, मोगरा नव्या फुटीवरच फुलतो. चावल्याचं रसायन त्यात किती, ते कुणी मोजलं? उमलायच्या वेळी ते कामाला येत असंल, पण कळी त्यानंच आली असं म्हनू नका. दुसरा वेल लावा, त्याला शेळी नको, नुसती कात्री. मग बघू."

पोरगी माझ्यावरच उलटली. समाधान वाटलं. खरंच.

पण तिच्या सगळ्या शंका धरूनही एक गोष्ट उरतेच. वर्षभर मी त्याला काहीच होऊ दिलं नाही, आणि त्याने काहीच केलं नाही.

९ एप्रिल

सकाळी दार उघडलं तर वास. न्हाणीकडून. काही काळ तसाच पायरीवर बसलो, चहा न करता. पहिली फुलं. ओंजळ भरून उरतील एवढी. चांदबीला दिली. तिने केसात नाही माळली, वाटीत पाणी घेऊन त्यात ठेवली, मशीनवर. शेळीसाठी एक पान मागितलं. दिलं नाही.

एक फूल टाचणीने उघडून भिंगाखाली बघितलं. आपल्या मोगऱ्यात पाकळ्यांचीच गर्दी, पुंकेसर शोधावे लागतात. शेंग याला धरत नाहीच, कलमानेच वाढतो. म्हणजे वैशालीच्या ट्रेशी याची तुलना तशीही लंगडीच. उमलण्यापुरतीच खरी. चालेल.

संध्याकाळी सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "इथं खालीच मिळतंय की मोगरा. मल्लिगे मल्लिगे म्हनून वरडत येतो सायकलवाला. मोळभर, म्हंजे हातभर, घेते. वास न्हाई त्याला." तिकडची कन्नड तिला अजून पचलेली नाही. सायकलवाला तिला तेलुगू समजतो म्हणे.

"तिथं पूजेला कुठं बसतेस?" एवढ्या महिन्यांत कधी विचारलं नव्हतं.

"हॉलमधी. सगळे उठायच्या आदी. दीपा रातच्या मीटिंगनं उशिरा झोपती, आवाज व्हतो तिला, म्हनून घंटी वाजवत न्हाई."

घंटी वाजवत नाही. इथे ती वाजवायची तेव्हा मी ओरडायचो, पेपर वाचू दे म्हणून.

१७ एप्रिल

रोज फुलं. रोज कुणाला तरी. फुलवालीलाच नेऊन दिली आज, तिने संशयाने बघितलं, फुकट कोण देतं. ऊन चढलंय. दुपारी बाहेर पडणं नाही.

सौ.चा फोन आता कधी सकाळी, बाल्कनीतून. "आवाज आईकावा म्हनलं." बोलणं काही नसतं. काल ती म्हणाली पाय सुजतात, लिफ्ट बंद असली की. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. म्हणायचं होतं दुसरंच.

ती पण काहीतरी सांगायला येते आणि मग चिन्नूच्या दाताकडे वळते. दोघेही मास्तरकीला लायक.

३० एप्रिल, बुध. बसवजयंती.

मिरवणूक बघितली. पाटील सर भेटले, म्हणाले, यावेळी पण एकटेच? आज पाठ केलेलं उत्तर दिलं नाही. म्हटलं, हो, एकटा. वाईट चाललंय. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून घरापर्यंत आले, एवढ्या उन्हात, आणि मठ्ठा पिऊन गेले. वाईट चाललंय म्हटल्यावर कुणी मरत नाही, असं दिसतं.

४ मे, रवि.

महेशचा फोन दुपारी. घरमालक करार वाढवायला सांगतोय, महेश म्हणतो, मोठंच घर घेऊ, आईला वेगळी खोली. "आई आता इथंच हाय म्हनल्यावर. तुमी पण येत-जात राहा, अप्पा. चालंल नं?"

मी म्हटलं, "आईला दे."

तिने घेतला. मागे कुकर. दुपारी कसला कुकर, पोराची खिचडी असणार. "काय म्हनताव? जेवलाव का?"

"नाही जेवलो."

"कामून?"

मी उभा होतो, बसलो. मग उठलो. साठीतला माणूस, भिंतीला टेकून. आधी तिचं नाव घेतलं. नाव घेऊन किती वर्षं झाली असतील, अहो-अगंमध्येच सगळं आयुष्य गेलं. म्हटलं, "शांता, ये."

तिकडं कुकरची शिट्टी झाली, कुणी बंद केला नाही.

"काय म्हनलाव?"

"ये म्हणालो. पोराचं काय करायचं ते महेश आणि मी बघू, मी येतो तिथं काही महिने, तू ये काही महिने, कसंही करू. पण मला चालत नाही, शांता. मी महेशला चालेल म्हणालो ते खोटं होतं."

दुसरी शिट्टी. मला वाटलं फोन कटला, बघितलं, आकडे पळत होते.

मग ती हळूच म्हणाली, "परत एकदा म्हना."

म्हटलं.

तेवढ्यात चिन्नू रडायला लागला. "आले, आले," ती त्याला म्हणाली, मला काहीच म्हणाली नाही. येते असंही नाही, येत नाही असंही नाही. फोन कुठेतरी ओट्यावर ठेवला तिने, बंद न करता. गॅस बंद झाल्याचा आवाज आला. मग नळ. मग तिचं ते उगी-उगी, महेशच्या वेळचंच, चाल सुद्धा तीच.

मीही ठेवला नाही. ऐकत बसलो.